हंजबेट ते भिगवण: अंतर आणि वेळ

(भिगवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी भूगोल शिकवत. त्यांचे विद्यार्थी सांगतात की भिंतीवरच्या नकाशावर दोन शहरांमध्ये सुतळी धरायची, ती पट्टीवर मोजायची, प्रमाणाने गुणायचं आणि मग त्या अंतराला गाडी किती वेळात जाईल ते काढायचं, हे गणित ते प्रत्येक वर्गाकडून करून घेत. आज मी तेच गणित घेऊन आलो आहे. गाडीच्या जागी मात्र पंख आहेत.

पहिलं शहर आपलं भिगवण. दुसरं शहर कच्छच्या मोठ्या रणात आहे. तिथे रस्ता नाही, वीज नाही, ग्रामपंचायत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी तिथे लाखांनी वस्ती होते आणि काही महिन्यांत ती पूर्ण उठते. कच्छी माणसं त्या जागेला हंजबेट म्हणतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी तिला इंग्रजीत ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हटलं आणि जगभर तेच नाव रूढ झालं. रोहित पक्ष्यांचं हे शहर. आपल्याकडे हिवाळ्यात ज्या पक्ष्यांसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, त्या पक्ष्यांचं भारतातलं सगळ्यात मोठं जन्मगाव तेच आहे.

सुतळी धरली तर हंजबेट ते भिगवण सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर भरतं. रोहित ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने उडतो आणि लांबचा पल्ला बहुतेक रात्रीच मारतो. म्हणजे उत्तर आलं १३ ते १६ तास. संध्याकाळी निघाला तर दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेच्या आसपास भिगवणजवळच्या उजनी धरणावर.

वहीत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण एवढ्यावर थांबलो तर पक्षी इथे का येतो, कधी येतो आणि एखाद्या वर्षी महिना-दोन महिने उशिरा का येतो, यांतलं काहीच कळणार नाही. मला सांगायचंय ते हेच, की उडणाऱ्या जिवासाठी दोन गावांमधलं अंतर पाण्यावर ठरतं. दोन्ही टोकांचं पाणी आणि मधलं पाणी. ते जागेवर असेल तर ८०० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. नसेल तर तेच अंतर पार करता येत नाही.

आधी हंजबेटकडे जाऊ. रण म्हणजे मिठाचं सपाट मैदान. पावसाळ्यात नद्यांचं पाणी त्यावर पसरतं आणि समुद्राचं पाणी वाऱ्याने आत ढकललं जातं. ते वितीएवढं राहिलं की रोहितांचे थवे तिथे उतरतात. चिखल चोचीने ओढून ओढून ते फूटभर उंचीचे उलट्या टोपलीसारखे ढिगारे रचतात. वरच्या खळग्यात एकच अंडं. पाणी फार चढलं तर घरटी बुडतात. लवकर आटलं तर कोल्हे-कुत्री चालत येतात. सलीम अली १९४५ साली तिथे गेले, तेव्हा त्यांनी लाखावर घरटी मोजली.  ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी हे शहर वसतच नाही.

आता उजनी. भीमेवर माढा तालुक्यात बांधलेलं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला साधारण ५३ टीएमसी जिवंत आणि ६३ टीएमसीहून जास्त मृत, म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखालचा. महाराष्ट्रातल्या इतर मोठ्या धरणांशी ताडून पाहा, मृतसाठ्याचा हा वाटा फार मोठा आहे. म्हणून तर आपल्याकडे ‘धरण मायनसमध्ये गेलं’ ही भाषा घराघरात आहे. या सभागृहात असे अनेक जण बसले आहेत ज्यांची जमीन, घर, गावाचा पार, देऊळ या पाण्याखाली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडलं, तेव्हा तिथे जाऊन उंबऱ्याला हात लावून आलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पक्ष्यांबद्दल बोलताना हे मला विसरता येत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यानेही विसरू नये. रोहित जिथे उतरतो ती कुणाची तरी पिकाची जमीन होती.

आणि ती पिकाची जमीन होती म्हणूनच तो उतरतो, हेही तितकंच खरं. भीमाकाठची ही जमीन सपाट. धरणाची पातळी मीटरभर उतरली की काठ किती आत सरकतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उघडा पडलेला, नुकताच भिजका असलेला गाळ आणि त्यावर फूट-दीड फूट पाणी, हेच रोहिताचं ताट. त्यात किड्यांच्या अळ्या, बारीक शिंपले-कवच्यांचे जीव, शेवाळ, गवताचं बी. डिसेंबरात धरण काठोकाठ असलं तर ताटच बुडालेलं असतं. पाणी भरपूर आणि रोहित नाहीत, असे हिवाळे आपण पाहिले आहेत. शेतीला आणि नदीखालच्या गावांना पाणी सुटत जातं, पातळी घसरते, गाळ वर येतो, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत एके सकाळी कुणीतरी फोन करून सांगतं की आले.

म्हणजे तिकडे पाणी चढावं लागतं आणि इकडे उतरावं लागतं. ८०० किलोमीटरांवरच्या दोन गावांतल्या या दोन हालचाली जुळल्या की आपल्याकडे थवा दिसतो. तो थवा नीट पाहिला तर त्यात सगळेच गुलाबी नसतात. काही पक्षी मळकट राखाडी असतात, पाय काळपट, चोचही फिकट. पर्यटक त्यांना वेगळी जात समजतात. ती पिल्लं असतात, गेल्या एक-दोन विणींतली. गुलाबी रंग अन्नातून हळूहळू अंगात उतरतो, त्याला वर्षं लागतात. थव्यात राखाडी पक्षी बरेच असले की समजावं, त्यांच्या जन्मगावी अलीकडे वीण चांगली साधली आहे. शेजारच्या कुंभारगावच्या होडीत बसल्या बसल्या कच्छच्या पावसाची खबर मिळते ती अशी.

होडीचा विषय निघालाच आहे. इथला एक वाकबगार होडीवाला पक्ष्यांजवळ कसा जातो ते मी लक्षपूर्वक पाहिलं आहे. थवा अजून बराच लांब असताना तो इंजिन बंद करतो. मग बांबू तळाला टेकवून, पाणी न वाजवता होडी पुढे सरकवतो. सरळ थव्याच्या रोखाने तो कधीच जात नाही. तिरका जातो, जणू दुसरीकडेच निघालाय. त्याची नजर पक्ष्यांच्या मानांवर असते. खाणाऱ्या रोहिताची मान खाली असते आणि डोकं उलटं, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. पाय जागच्या जागी थापत तो स्वतःभोवती गोल फिरतो, गाळ ढवळतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून चोचीच्या कडेच्या झालरीतून अन्न गाळून घेतो. पाणी उतरल्यावर गाळात या फेऱ्यांची गोल वर्तुळं उमटलेली दिसतात. एकाने मान वर केली तर होडीवाला थांबतो. चार-पाच माना वर झाल्या तर तो बांबू उलटा टेकवून मागे सरतो. होडीतला पाहुणा म्हणतो, ‘दादा, अजून थोडं पुढं घ्या की, फोटो येत नाही.’ तो म्हणतो, ‘नाही सर, आता उठतील.’

हे ‘उठतील’ काय आहे ते समजून घ्यायला हवं. रोहित एकदम हवेत जात नाही. तो पाण्यावरून पळतो, धावता धावता पंख मारतो, मग उचलला जातो. पंखांखालचा लाल-काळा रंग उघडतो आणि होडीतले लोक टाळ्या पिटतात. उड्डाणातला सगळ्यात खर्चिक भाग म्हणजे हे उचललं जाणं. त्याने दिवसभरात गाळातून वेचलेलं अन्न चरबी बनून परतीच्या प्रवासाला पुरायचं असतं. सकाळपासून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलेला थवा दिवसअखेर उपाशीच राहतो. त्याच्यासाठी भिगवण ते हंजबेट हे अंतर त्या दिवशी वाढलेलं असतं.

आपल्याकडे अंतर मोजायची एक जुनी रीत आहे आणि ती इथल्या लोकांच्या अंगात भिनलेली आहे. देहूहून पंढरपूरला गाडी पाच-सहा तासांत जाते. तुकोबांची पालखी तेच अंतर अठरा-एकोणीस दिवसांत जाते, आणि वाटेत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हे मुक्काम येतात. वारकऱ्याला विचारा, तो किलोमीटर सांगत नाही, मुक्काम सांगतो. कारण पायांना चालणं जमतं ते रात्रीच्या भाकरीवर आणि टेकायला मिळालेल्या जागेवर. मुक्कामाचं एक गाव रस्त्यातून काढून टाकलं तर किलोमीटर तेवढेच राहतील आणि वारी मोडेल. पक्ष्यांचं स्थलांतर मला याहून नीट कधी समजलं नाही.

आता उजनीवरच्या दुसऱ्या पाहुण्याकडे येतो, कारण त्याचा हिशेब फार बोलका आहे. पट्टकदंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. मंगोलियात, तिबेटच्या पठारावर, चीनच्या छिंगहाई सरोवराकाठी तो वीण करतो आणि हिवाळ्यात भारतात उतरतो. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले पट्टकदंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसले आहेत. नकाशावर भिगवणपासून ल्हासा सुमारे २,१०० किलोमीटर, छिंगहाई ३,२००, आणि मंगोलियातलं तेरखीन त्सागान सरोवर ४,००० किलोमीटर. ताशी ६० चा वेग धरला तर ४,००० किलोमीटरांना ६७ तास लागतात, म्हणजे तीन दिवसही नाहीत. प्रत्यक्षात हा हंस ऑगस्ट-सप्टेंबरात मंगोलिया सोडतो आणि आपल्याकडे पोचेपर्यंत थंडी पडलेली असते. हवेत घालवलेला वेळ तीन दिवसांचा, प्रवास महिन्यांचा. उरलेले सगळे दिवस तो खात असतो, विसावा घेत असतो, पुढच्या उडीची तयारी करत असतो. विमानाच्या तिकिटावर उड्डाणाची वेळ छापलेली असते, पक्ष्याच्या प्रवासात ती सगळ्यात छोटी रक्कम आहे.

हिमालय ओलांडण्याची त्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. तो एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लूसी हॉक्स, चार्ल्स बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि मंगोलियात या हंसांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. २०११ आणि २०१३ साली त्यांचे निष्कर्ष आले. बहुतेक उड्डाणं ५,६०० मीटरांच्या खाली होती. सगळ्यात उंच नोंद ७,२९० मीटरांची. उत्तरेकडे जाताना हिमालयाची मुख्य भिंत ते सात-आठ तासांत चढून जातात, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, जेव्हा दिवसाचे वर चढणारे वारे थांबलेले असतात. आयता वारा सोडून गार, स्थिर आणि दाट हवा त्यांनी निवडलेली दिसते. २०१५ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. हा हंस एकदा उंची गाठून तिथेच सरळ उडत राहत नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की खाली उतरतो, पुन्हा चढतो. विरळ हवेत पंख मारणं इतकं महाग पडतं की उतरून पुन्हा चढणं स्वस्त ठरतं. नकाशावरची सरळ रेष त्याच्या हृदयाला परवडत नाही, जमिनीच्या अंगाअंगाने जाणारा रस्ता परवडतो.

जेसिका मायर या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत या हंसांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून स्वतः वाढवली. पिल्लं त्यांनाच आई समजून मागे मागे फिरत. मोठी झाल्यावर त्यांना कॅनडातल्या वाऱ्याच्या बोगद्यात, तोंडावर मास्क लावून, एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो तितक्या विरळ प्राणवायूत उडवलं. काही पक्षी उडाले. तो निबंध २०१९ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात मायरबाई अंतराळस्थानकावर गेल्या, जिथून पृथ्वीची एक फेरी दीड तासात होते. शाळेतल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं.

आणखी एक छोटा जीव. छोटा टिलवा. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, मुठीत मावेल एवढा. चिखलाच्या कडेने शिवणयंत्रासारखी चोच मारत पळणारा हा पक्षी होडीतून कुणी बघतही नाही. त्याचं जन्मस्थान सैबेरियाच्या उत्तर टोकाचा टुंड्रा, इथून सहा हजार किलोमीटर किंवा त्याहूनही दूर. त्याच्या वाटेवर असे किती चिखल लागत असतील याचा विचार करा.

याला अपवाद वाटावा असाही एक प्रवास आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टशेपटीच्या गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता पार केलं. त्या पक्ष्याचं वय पाच महिने. वाटेत पॅसिफिक महासागर, टेकायला जागा नाही. मग मुक्कामाची गरज नसते असं कुणी म्हणेल. पण निघण्याआधी त्याने अलास्काच्या चिखलात अंगावर इतकी चरबी चढवलेली असते की वजन जवळजवळ दुप्पट होतं. विक्रमी उड्डाणाची सुरुवातही चिखलापासूनच आहे.

ही माहिती मिळते कशी, हे थोडक्यात सांगतो. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, ही संस्था १८८३ सालची. सलीम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून तिने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम उभं केलं. कडं घातलेला पक्षी पुन्हा सापडला तरच दोन बिंदू मिळत. इराणच्या उर्मिया सरोवरावर कडी घातलेले रोहित भारतापर्यंत आल्याचं अशाच नोंदींतून कळलं. आता यंत्रं हलकी झाली आहेत. २०२२ च्या जानेवारीत बीएनएचएसने ठाण्याच्या खाडीत सहा रोहितांवर जीपीएस यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाचं नाव सलीम, एकाचं हुमायूं आणि एकाचं खेंगारजी, ज्या कच्छच्या महारावांनी हंजबेटची पहिली नोंद केली त्यांच्यावरून. ठाण्याची खाडी आणि गुजरातचा किनारा या जागा एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत, ते या पक्ष्यांनी नकाशावर दाखवून दिलं.

याच वाटेवर २० मे २०२४ च्या रात्री जे घडलं ते सांगताना मला अजून त्रास होतो. दुबईहून मुंबईला येणारं विमान घाटकोपरवर उतरणीला असताना रोहितांच्या थव्यातून गेलं. ४० च्या आसपास पक्षी मेले, त्यांचे तुकडे वस्तीत पडले. विमान सुखरूप उतरलं. दुबई-मुंबई हा सुमारे १,९०० किलोमीटरांचा प्रवास तीन तासांचा आहे, रोहिताला त्याला दीड दिवस लागेल. एकाच हवेत दोन वेळापत्रकं चालतात आणि त्यांतलं एक कुणाच्याच पडद्यावर दिसत नाही. त्याच काळात नवी मुंबईत तळ्यांकडे येणारं भरतीचं पाणी अडल्याच्या तक्रारी होत होत्या. पक्ष्यांच्या बसायच्या जागा अस्वस्थ झाल्या की ते रात्री-अपरात्री जागा बदलतात. त्या रात्रीचं नेमकं कारण मी ठरवू शकत नाही, पण खाडीकाठच्या बसायच्या जागा सांभाळणं हा विमानांच्याही सुरक्षेचा भाग आहे, एवढं मी ठामपणे म्हणतो.

आता आपल्या काठाचं. उजनीत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं, हिरवा तवंग येतो, जलपर्णी येते. ती लढाई मोठी आहे आणि ती भिगवणने एकट्याने लढावी असं मी म्हणणार नाही. वाळूउपशाचंही तसंच, त्याला कायदा आहे आणि तो चालवणारे आहेत. पण गाळपेर जमिनीचा प्रश्न इथल्या इथे सुटू शकतो. पाणी मागे सरलं की उघडी पडलेली जमीन कसली जाते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा त्या गाळावर हक्क आहे असं मी मानतो. त्या हक्काला हात न लावता, डिकसळ-कुंभारगावच्या बाजूला काठाचे दोन-तीन पट्टे मार्चअखेरपर्यंत नांगराशिवाय आणि मोटारींशिवाय ठेवायचे, ज्यांचे पट्टे ठेवायचे त्यांना होडीच्या उत्पन्नातून ठरलेला वाटा द्यायचा, हे गावाच्या बैठकीत ठरू शकतं. ज्या होडीवाल्याबद्दल मी बोललो त्याच्यासारखे इथे अनेक आहेत. पण गर्दीच्या रविवारी एकाने इंजिन बंद केलं आणि दुसऱ्याने केलं नाही, तर पहिल्याचं गिऱ्हाईक जातं. म्हणून नियम सगळ्यांचा मिळून हवा. इंजिन कुठे बंद करायचं त्या रेषेवर पाण्यात बांबू रोवा. दिसेल अशी खूण असली की वाद होत नाहीत.

आणि एक मागणं शाळेकडे. धरणाची पातळी रोज जाहीर होते. पूर्ण भरल्यावर ती ४९६.८३ मीटर असते. शाळेत एक वही ठेवा. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशीची पातळी, तिसऱ्यात कुंभारगावच्या काठावर दिसलेले रोहित, आणि त्यांतले राखाडी किती ते वेगळं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्या आठवड्यात ही मोजणी नक्की झाली पाहिजे. दहा वर्षं वही चालली तर कोणत्या पातळीला गाळ उघडतो आणि पक्षी उतरतात, ते भिगवणची मुलं आकड्यांत सांगू शकतील, आणि पाणी कधी किती सोडायचं याची बैठक बसेल तेव्हा ती वही टेबलावर ठेवता येईल. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा गळ्यात पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, तारीख आणि जागा लिहून मुंबईला बीएनएचएसला कळवा. अक्षर अर्धवट दिसलं तर अर्धवटच लिहा, अंदाजाने पुरं करू नका.

ती अक्षरं साध्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. स्टँडवर लावायची माझी दुर्बीण मी आज बरोबर आणली आहे, ती शाळेकडे राहील. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कुंभारगावच्या काठावर ती कशी लावायची ते दाखवतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जाताना नावं द्या, म्हणजे होड्या किती लागतील ते ठरवता येईल.